कार्ड बसवलं आणि दुसरा मॉनिटर काळा पडला

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं ऑफिस आहे, कास्टिंगची म्हणजे ओतीव भागांची ड्रॉइंग करून द्यायचं. एका स्क्रीनवर ड्रॉइंग आणि शेजारी गिऱ्हाइकाची पीडीएफ उघडी असली की मापं डोळ्यासमोर राहतात. एकाच स्क्रीनवर सारखी खिडकी बदलत बसलं तर एखादा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, नजरेतून सुटतो, मग ती चूक पॅटर्नमध्ये, म्हणजे साच्यासाठीच्या नमुन्यात जाते आणि शेवटी ओतकामात. म्हणून आमच्याकडे दोन मॉनिटर लागतातच.

थ्रीडी कामासाठी डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड बसवलं, आणि जुना, व्हीजीए या जुन्या पद्धतीच्या जोडणीचा मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवू लागला. नवा मॉनिटर कार्डाच्या एचडीएमआयवर मस्त चालू. आमचे मिस्त्री बघून म्हणाले, "साहेब, ह्यो गेला बघा. भंगारात घालूया की." मला पटेना. कालपर्यंत चालत होता.

विंडोज आणि पी दाबून बघितलं, 'एक्स्टेंड' आधीच निवडलेलं होतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'डिटेक्ट' दाबलं तरी दुसरा स्क्रीन सापडेना. मग तो मॉनिटर उचलून हिशेबाच्या कॉम्प्युटरला लावला. केबल मुद्दाम तिथलीच ठेवली, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कशात होता ते कळत नाही. चित्र लगेच आलं. मॉनिटर धडधाकट होता.

आता डेस्कटॉपची मागची बाजू. यूएसबीच्या रांगेत असलेले व्हिडिओ पोर्ट मदरबोर्डचे, आणि खाली आडव्या पट्टीवरचे कार्डाचे. आमच्या कार्डाला व्हीजीए नाही, म्हणून जुना मॉनिटर मदरबोर्डलाच जोडलेला होता. तो पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो, आणि वेगळं कार्ड दिसलं की बरेच मदरबोर्ड ते ग्राफिक्स आपोआप बंद करतात. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये गेलो, 'आयजीपीयू (प्रोसेसरमधलं ग्राफिक्स) मल्टी-मॉनिटर' चालू केलं, सेव्ह केलं. काही बोर्डांवर या सेटिंगचं नाव वेगळं असतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतं, त्यात मात्र हे ग्राफिक्सच नसतं. तिथे कार्डाच्या एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अॅनालॉग, त्यामुळे नुसती वायर चालत नाही, आत चिप हवी. आणि घेताना दिशा बघून घ्या, व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा डबा इथे काही कामाचा नाही.

चित्र आलं. पण १०२४ × ७६८ वर, अक्षरं फुगलेली, वर्तुळं लंबगोल. ड्रॉइंगवाल्या माणसाला लंबगोल वर्तुळ बघवत नाही. यादीत १९२० × १०८० येतच नव्हतं, आणि मॉनिटरच्या मॉडेलऐवजी नुसतं 'जेनेरिक' लिहिलेलं. इथे मला केबलची शंका आली. मॉनिटर आपली माहिती केबलमधूनच कॉम्प्युटरला सांगतो. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिना त्यासाठी असतात. त्या जुळल्या नाहीत तरी रंग येऊ शकतात, पण समोर कोणता मॉनिटर आहे ते मशीनला समजत नाही. टॉर्च मारून बघितलं तर १२ नंबरची पिन आडवी झोपलेली. ९ नंबरची पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते, ती दिसली नाही म्हणून केबल टाकून देऊ नका.

राजारामपुरीतून नवी केबल आणली. लावताच मॉडेलचं नाव आलं, १९२० × १०८० आलं, वर्तुळं गोल झाली.

राहिलं एकच. माउस उजवीकडे नेला तर अडायचा, कारण टेबलावर जुना मॉनिटर उजवीकडे होता आणि विंडोजच्या हिशेबात डावीकडे. सेटिंगमधले १ आणि २ चे चौकोन ओढून टेबलासारखे मांडले, वरच्या कडा जुळवल्या. मिस्त्रींना बोलावून पीडीएफ आणि ड्रॉइंग शेजारी-शेजारी दाखवलं. ते म्हणाले, "मग ती बोअरची मापं तेवढी आत्ताच ताडून बघूया." बसलो तसेच कामाला.