तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातली ड्रिफ्ट कार कुठली घेऊ?

दर आठ दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "ड्रिफ्टसाठी बजेटमध्ये कुठली आरसी घेऊ?" (आरसी म्हणजे रिमोटवरची छोटी गाडी; ड्रिफ्ट म्हणजे ती वळणावर आडवी घसरवत नेणं.) मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न, "१० हजारांत बसेल ना?" बसेल हो. पण फरशी कसली आहे हे कुणी सांगत नाही. घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत पोडियमवर चेकर्ड टाइल्स आहेत. कडक प्लास्टिकचे टायर तिथे घसरत नाहीत, खडखडतात. खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये झिजून गुळगुळीत झालेलं ट्रिमिक्स काँक्रीट आहे, तिथे तीच गाडी सुरेख घसरते. अर्थात रात्री ११ नंतर, वॉचमनकाकांची मर्जी असेल तर.

एके काळी मी छातीठोकपणे सांगायचो, फोर व्हील ड्राइव्ह घेऊच नका, तो ड्रिफ्टच नव्हे. माझी पहिली गाडी तीच होती. रबरी टायर काढून, रिमला इन्सुलेशन टेप गुंडाळून त्यावर पीव्हीसी पाइपाचे तुकडे ठोकून बसवले होते. धमाल यायची. सांगायची लाज वाटायची, एवढंच.

मग सेकंडहँड रिअर व्हील ड्राइव्ह घेतली. या गाड्यांना जायरो, म्हणजे गाडी किती फिरतेय ते ओळखणारा छोटा सेन्सर, लागतो. शेपूट ज्या बाजूला सुटेल त्याच बाजूला, आपल्या बोटांच्या आधी, तो पुढची चाकं वळवून गाडी सावरतो. माझी गाडी मात्र थ्रॉटल दिला की जागच्या जागी भिंगरी. ३ आठवडे हेच. टायर बदलले, मागचा डिफ लॉक आहे ना (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात ना) ते दोनदा उघडून पाहिलं, जायरोचा गेन, म्हणजे तो किती जोराने सावरतो ते, खाली-वर केला, बॅटरी पुढेमागे सरकवली. पुढची चाकं वळवणारी मोटर, सर्व्हो, मंद असेल म्हणून वेगवान आणला, तोही ऐपतीबाहेरचा. खांबाला आपटून बॉडीचा कोपरा फाटला. शेवटी 'चेसिसच वाकडी आहे रे' म्हणत बी विंगमधल्या अकरावीतल्या मुलाला निम्म्या किमतीत देऊन टाकली.

पुढच्या रविवारी तो तीच गाडी खांबाभोवती आडवी फिरवत होता.

"काका, जायरो उलटा होता." त्याने गाडी उचलली, शेपूट डावीकडे झटकली, पुढची चाकंही डावीकडे वळली. "तुमच्याकडे उजवीकडे वळत होती."

पहिल्याच दिवशी डावं-उजवं उलटं निघालं म्हणून मी रिमोटवरचा स्टीअरिंग रिव्हर्स दाबला होता. जायरोचा रिव्हर्स वेगळा असतो, हे डोक्यातच आलं नाही. २ सेकंदांचं काम. मी "हो का?" म्हणालो आणि लिफ्टकडे गेलो. तोवर ती वाकडी चेसिस मी दहा जणांना ऐकवली होती. तुमच्यापैकीही कुणाला ऐकवली असेल.

आता जायरोच्या भानगडीत पडायचं नसेल तर तामिया या जपानी कंपनीची टीटी-०२डी बघा म्हणतो. फोर व्हील ड्राइव्ह आहे, कडक टायर सोबतच येतात. पण हा सल्ला की माझी पोळलेली जीभ, ते मलाही कळत नाही. रिअर व्हील सावकाश, पूर्ण आडवी जाते तेव्हाचं सुख त्यात नाही, हेही खरंच.

त्या मुलाची आता बारावी आहे. परवा विचारत होता, "काका, परत घेता का?" मी विकली त्याच्या दुप्पट सांगतोय. अजून उत्तर दिलेलं नाही.