कापूस घरात आला की

दिवाळीच्या सुमारास आमच्या घरात कापूस येतो. बरा भाव मिळेस्तोवर समोरची खोली भरलेली, आम्ही सगळे मधल्या खोलीत. दोन वर्षांपूर्वी असाच कापूस भरला आणि दुसऱ्या दिवशी माझी पोर स्वतःच्याच घरात हरवली. खाटेच्या जागी ढीग, दाराकडची वाट बदललेली. ती मधोमध उभी राहिली न् म्हणाली, "आई, आपलं घर कुठी गेलं वं?"

तिला दिसत नाही. सातव्या महिन्यात जन्मली, वजन सव्वा किलो. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा महिन्याभरात तपासून घ्यायचा असतो, वेळेत कळलं तर बऱ्याच बाळांची नजर वाचते, हे आम्हाला तेव्हा कोणीच सांगितलं नाही. तुमच्या घरी असं कमी दिवसांचं बाळ आलं असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

त्या सकाळपासून घरात नियम झाला: काही हलवलं तर आधी तिला हात लावून दाखवायचं. आता कापूस आला की तिचे बाबा तिला ढिगाच्या कडेकडेनं फिरवतात. पूर्वी आम्ही तिचं मनगट धरून ओढत न्यायचो. आता ती त्यांचं कोपर धरते, ते अर्धं पाऊल पुढं. पायरी, वळण, थांबणं, सगळं तिला त्यांच्या अंगावरून कळतं. मग ती एकटी जाते, बोटं मुडपून, हाताची पाठ भिंतीला लावत. बोटांची टोकं पुढं केली की खिळे लागतात. उंबरठा, चुलीची ऊब, मग गारवा आला की रांजण. दार एक तर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दारानं तिच्या कपाळाला तीन टाके पडलेत.

पाण्यावरून मात्र सासूबाईंचं न् माझं वाजलं. "लेकराले कायले राबवते वं? मी देतो ना पाणी!" त्यांची माया खरी होती. पण मे महिन्याच्या उन्हात सगळे शेतात असले, की पोर तहानेनं कासावीस होऊन कोणाच्या तरी पावलांची वाट बघत बसायची. मला ते बघवेना.

डाव्या हातात पेला, तर्जनीचं टोक काठाच्या आत. उजव्या हातानं गडवा बुडवायचा, त्याचा काठ पेल्याच्या काठाला टेकवायचा, मगच हळू ओतायचं. बोटाला गार लागलं की थांबायचं. पहिले आठ दिवस निम्मं पाणी भुईवर. माझे हात सारखे पुढं जायचे, म्हणून मी ते पदरात गुंडाळून बसायची. खरी शिकवणी माझीच चालली होती. आता आवाजावरूनच तिला कळतं पेला किती भरला ते.

घरी येणारा जो तो माधानच्या गुलाबराव महाराजांचं नाव काढतो. बाळपणीच दृष्टी गेली, १८८१ ते १९१५ एवढंच आयुष्य, तरी केवढी ग्रंथरचना! महाराजांचा फोटो आमच्या देवघरात आहे. पण माझ्या पोरीला मोठं व्हायला त्यांच्यासारखं प्रज्ञाचक्षू, म्हणजे बुद्धीच्या डोळ्यांनी बघणारं, व्हावं लागू नये. तिला आधी स्वतःची वेणी घालता आली पाहिजे, स्वतःचं ताट वाढून घेता आलं पाहिजे.

सध्या नोटा शिकतो आहोत. शंभराच्या नोटेला दोन्ही कडांना चार उठावाच्या तिरप्या रेषा, पाचशेच्या नोटेला पाच. जुन्या नोटांवर त्या झिजतात, तेव्हा लांबीवरून ओळखायचं.

परवा शेजारच्या काकू आल्या, दारातच चपला काढल्या. मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून ओरडल्या, "तिथं नोको ठेवू वं बाई चपला, माह्या नातीचा रस्ता हाय तो!"