एम १३ चा पांढरा गोळा

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करताना एम १३ या तारकागुच्छाचा माझा पहिला फोटो सापडला आणि हसूच आलं. मधोमध पांढराफेक गोळा, कडेला चार तारे सांडल्यासारखे, बस्स. आणि हा फोटो मी तेव्हा कौतुकाने सगळ्यांना दाखवत फिरले होते!

तेव्हा डोक्यात एकच होतं, वस्तू अंधुक आहे ना मग शटर जेवढा वेळ उघडं ठेवू तेवढं चांगलं. तीन-तीन मिनिटांची एक्स्पोजर दिली. नेब्युलाला, म्हणजे आकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाला, हे बऱ्यापैकी चालतं, पण तारकागुच्छात आपल्याला तारेच टिपायचे असतात आणि तारा म्हणजे एका ठिपक्यात साठलेला उजेड, त्यामुळे पिक्सेल पटकन भरतो. माझ्या कॅमेऱ्याची रॉ फाईल (प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) १४ बिटची आहे म्हणजे पिक्सेलच्या उजेडाचा आकडा १६,३८३ च्या पुढे जाणारच नाही, आणि लाल-हिरवा-निळा तिन्ही चॅनेल तिथे जाऊन टेकले की तारा मुळात नारिंगी असो नाहीतर निळा, फोटोत तो पांढराच. मग नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही स्लायडर ओढा, रंग काही परत येत नाही.

गंमत म्हणजे हा गुच्छ खगोलशास्त्रज्ञ हॅलेला १७१४ मध्ये दिसला आणि मेसिए या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाने १७६४ मध्ये त्याची नोंद केली ती काय, तर तारे नसलेला नेब्युला. बिचाऱ्याच्या दुर्बिणीतून तो धुरकट ठिपकाच दिसत होता, आत काही लाख तारे आहेत हे त्याला कळणार कसं. पण मी डिजिटल कॅमेरा, मोटरवाला माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड), लॅपटॉप असा सगळा संसार अंगणात मांडून अडीचशे वर्षांनंतर पुन्हा तारे नसलेला गोळाच काढला होता.

आता मी ३० सेकंदांच्या वर जातच नाही. १२० फ्रेम्स घेते, म्हणजे एकूण एक तास, आणि मग स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम्स एकावर एक रचून एकच फोटो. नॉईज, म्हणजे फोटोतली खरखर, फ्रेम्सच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, शंभर फ्रेम्स घेतल्या तर साधारण दहापट, त्यामुळे एकेक फ्रेम काळपट दिसली तरी घाबरायचं नाही. आणि माउंट साधा असला की ट्रॅकिंग अधूनमधून गचके खातंच, विमानं जातात, मध्येच कोणीतरी मागचा दिवा लावतं, अशा वेळी फ्रेम फेकली तर गेले तीसच सेकंद, पूर्वी अख्खी तीन मिनिटं जायची आणि जीव हळहळायचा.

फोकसने मात्र मला सगळ्यात जास्त रडवलंय. एकदा संध्याकाळी अभिजित ताऱ्यावर दुर्बीण धरून बाहतिनोव मास्क (फोकस जुळवायची खाचांची जाळी, हिने ताऱ्याभोवती फुली आणि एक रेघ उमटते) लावून मधली रेघ बरोब्बर फुलीच्या मधोमध आणली आणि खुशाल आत जाऊन झोपले. रात्री दोनला येऊन बघते तर तारे फुगून बारीक बांगड्यांसारखे झालेले! तापमान उतरलं, नळी आकसली, फोकस गेला. वर भिंगावर दव. त्या रात्रीचं एकही फ्रेम कामाचं निघालं नाही. आता तासातासाला मास्क लावून बघते, झोपेचं खोबरं होतं ते होतंच.

नवीन सुरुवात करणाऱ्यांना मी एम १३ च्या आधी पुष्य नक्षत्रातला एम ४४ सांगेन. हा खुला गुच्छ, तारे सुटे-सुटे, पण पसारा पूर्ण चंद्राच्या जवळजवळ तिप्पट, त्यामुळे लांब फोकल लेंथच्या, म्हणजे आकाशाचा छोटासाच तुकडा दाखवणाऱ्या, दुर्बिणीत मावत नाही, छोटी किंवा नुसती टेलिफोटो लेन्स बरी. शहरी उजेडातही तो निघतो, चंद्र असला तरी निघतो. कृत्तिकेचं तसं नाही, तारे येतात पण त्यांच्याभोवती दिसणारी अंधुक निळी धूळ हवी असेल तर काळोखच पाहिजे आणि तिथे माझा ३० सेकंदांचा नियम गुंडाळून ठेवावा लागतो. (ती धूळ ताऱ्यांच्या जन्मातून उरलेली नाही बरं का, गुच्छ सध्या तिच्यातून नुसता चाललाय, मला हे बरेच दिवस उलटंच वाटायचं.)

एम १३ चा नवीन फोटो आधीच्यापेक्षा खूपच बरा आलाय, कडेचे लाल राक्षसी तारे चक्क नारिंगी दिसतात, त्यांच्या मधूनमधून निळे. अगदी गाभ्यात अजून थोडं पांढरं उरलंय. त्यासाठी दहा सेकंदांच्या साठ फ्रेम्स वेगळ्या काढून ठेवल्यात, त्या वरच्यात मिसळायच्या आहेत. ढग आले की बसेन, आज आकाश स्वच्छ आहे.