कंठी

लहानपणी आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या सोप्यात एक पितळी पिंजरा टांगलेला असे आणि त्यातल्या पोपटाला घरीदारी सगळे विठू म्हणत. चित्रातल्या पोपटाच्या गळ्यात असते तशी कंठी मात्र त्याला नव्हती. मी विचारले, की आजी शांतपणे म्हणायची, "वयात आला की फुटेल." सहा-सात वर्षे गेली, कंठी काही फुटली नाही.

आजीचे म्हणणे निम्मे खरे होते, हे मला फार उशिरा कळले. पुढे काळी आणि मागे गुलाबी दिसणारी ती कंठी फक्त नराला असते आणि तीही साधारण तिसऱ्या वर्षी उमटते. म्हणजे आमचा विठू आयुष्यभर विठाबाई होता! (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा पोपट पाळणे गुन्हा आहे, हेही तेव्हा आमच्या गावी नव्हते.)

आता पिंजरा नाही, पण मागच्या दारी पेरूचे झाड आहे आणि हिवाळ्यात पोपटांचा थवा सकाळीच तिथे येऊन बसतो. बसतो म्हणण्यापेक्षा नाहीसा होतो म्हणणे योग्य, कारण पानांत शिरल्यावर तो हिरवा रंग डोळ्यांना वेगळा काढता येत नाही; कुरतडलेल्या पेरूचे तुकडे टपटप पडू लागले, की मगच लाल चोच दिसते. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ४० सेंटीमीटर लांबीचा हा पक्षी निम्म्याहून अधिक शेपटीच असतो. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असल्यामुळे एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्या पायात तो पेरू हातात धरावा तसा धरतो, दोन-चार चोची मारतो आणि गोडी न पटल्यासारखा टाकून देतो. ही उधळपट्टी मला मौजेची वाटते; शिरोळकडच्या आमच्या पाहुण्यांना, ज्यांच्या शाळूच्या कणसांवर असाच थवा उतरतो, ती मौज कशी वाटावी? त्यांच्या माळ्यावर गोफण तयार असते.

संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर उभे राहिले, की हेच थवे रात्रीच्या झाडांकडे परतताना डोक्यावरून बाणासारखे निघून जातात, आणि "विठू विठू" या लाडिक बोलाशी काडीचेही नाते नसलेला त्यांचा कर्कश कल्ला मागे घुमत राहतो.

शेजारच्या आवारात शेंडा झडलेला एक नारळ आहे. त्याच्या ढोलीवर गेल्या माघात एका जोडीने हक्क सांगितला. स्वतः घरटे विणण्याची यांची रीत नाही. सुतार किंवा तांबट पक्ष्यांनी सोडलेली ढोली, नाहीतर जुन्या भिंतीतले भोक, चोचीने रुंद करून घ्यायचे. आत मादी बावीस-तेवीस दिवस अंडी उबवते आणि नर तिला चारा भरवतो. घरात सत्ता कोणाची, याबद्दल मला शंका उरलेली नाही. परवा नर चोच पुढे करून, एक पाय उचलून, अदबीने तिच्याकडे सरकत होता. तिने मान फिरवून त्याला असा काही टोचा मारला, की तो हातभर मागे सरला, कंठी सावरावी तशी मान झटकून पुन्हा वाट पाहत बसला, आणि मला सोप्यातली विठाबाई आठवली, जिला आम्ही जन्मभर पंढरीच्या देवाच्या नावाने हाक मारली.