चौघे, चार तऱ्हा आणि कोलकात्यातील पाच दिवस

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे कोलकाता पाहून आलो. चौघे म्हणजे एकाहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी त्रस्त असलेली माझी आत्या. आगगाड्या आणि पूल यांखेरीज कशातच जीव न रमणारे, निवृत्त अभियंता असलेले भाऊजी. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची. आणि संग्रहालयातील प्रत्येक फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पुढे न सरकणारी मी. आम्हा चौघांना सांभाळून घेणारी व्यक्ती म्हणजे माझी बहीण. तिची रजा आयत्या वेळी रद्द झाली आणि एकमेकांच्या सवयींची फारशी कल्पना नसलेले आम्ही चौघेच विमानात बसलो. अशाच बेमेळ मंडळींबरोबर कोलकात्याला निघालेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा वृत्तांत थोडा तपशिलाने लिहीत आहे.

पहिला पूर्ण दिवस सोमवार होता आणि त्या दिवसाची वाताहत माझ्यामुळे झाली, हे आधीच कबूल करते. सगळ्यांनी सगळे एकत्र पाहायचे, असा माझा बेत होता. आत्या पहाटे साडेचारला उठून, आंघोळ करून, सात वाजता चपला घालून तयार होती. भाची पावणेदहाला खाली आली. त्यामुळे कालीघाटला पोहोचेपर्यंत रांग वळसे घेत रस्त्यावर आली होती आणि झटपट दर्शनाचे आश्वासन देणारे पंडे मागे लागले होते. त्यांना पहिल्याच वाक्यात ठाम नकार द्यावा. भाऊजींनी सौजन्य म्हणून संभाषण सुरू केले आणि ते संपवायला अर्धा तास लागला. सध्याचे मंदिर १८०९ साली बांधलेले आहे. सकाळी लवकर आणि शक्यतो मंगळवार व शनिवार टाळून गेल्यास वृद्ध माणसालाही दर्शन सुसह्य होते.

तेथून आम्ही व्हिक्टोरिया मेमोरियलला गेलो, तर आतील दालने सोमवारी बंद असतात असे कळले. मग इंडियन म्युझियमकडे वळलो. तेही सोमवारी बंद. जोडासाँकोची ठाकूरबाडी, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांचे घर, तेसुद्धा सोमवारी बंद असते, हे संध्याकाळी खोलीवर आल्यावर वाचले. थोडक्यात, कोलकात्यातील सोमवार मंदिरे, घाट, बाजार आणि भटकंती यांसाठी ठेवावा. व्हिक्टोरियाची बाग मात्र उघडी होती आणि मकराण्याच्या संगमरवराची ती इमारत बाहेरून पाहण्यातच निम्मे समाधान आहे. १९०६ मध्ये पायाभरणी आणि १९२१ मध्ये उद्घाटन, म्हणजे राजधानी दिल्लीला नेण्याचा निर्णय जाहीर झाल्यावरही दहा वर्षे कोलकात्यात राणीचे स्मारक उभे राहत होते. हे मी सांगत असताना भाची छायाचित्रे काढत होती, भाऊजी घड्याळ पाहत होते आणि आत्या बाक शोधत होती.

त्या रात्री जेवताना थोडी खडाजंगी झाली. ती झाली हे बरेच झाले, कारण तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमचे भांडण आवडीनिवडींचे नव्हतेच. आत्याला पूल पाहण्यात रस होता, भाचीला देवळांचे वावडे नव्हते. भांडण होते ते वेगाचे. एकाच ठिकाणी एकाला दहा मिनिटे पुरतात आणि दुसऱ्याला तीन तास, आणि दोघांना एकत्र बांधले की दहा मिनिटांवाला कंटाळतो आणि तीन तासांवाला अपराधी होतो. म्हणून मंगळवारपासून आम्ही दिवसा वेगळे फिरायचे, संध्याकाळी ठरल्या जागी भेटायचे आणि रात्रीचे जेवण न चुकता एकत्र घ्यायचे असे ठरवले. पैशांचीही व्यवस्था बदलली. सामायिक बटव्यातून फक्त रात्रीचे जेवण आणि चौघांची मिळून केलेली टॅक्सी. बाकी तिकिटे, खाणे, खरेदी ज्याची त्याने. ही वाटणी पहिल्याच दिवशी केली असती तर सोमवारच्या कुरबुरी निम्म्याने कमी झाल्या असत्या.

वेगळे फिरण्यासाठी कोलकात्याइतके सोयीचे शहर मी पाहिलेले नाही. शहर नदीच्या कडेने उत्तर-दक्षिण पसरलेले असून मेट्रोचा जुना, निळा मार्ग त्याच दिशेने जातो. दक्षिणेश्वर, शोभाबाजार, गिरीश पार्क, महात्मा गांधी रोड, एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान आणि कालीघाट ही स्थानके एवढी लक्षात ठेवली तरी बहुतेक प्रेक्षणीय जागा हाताशी येतात. आमचा मुक्काम पार्क स्ट्रीटच्या परिसरात होता, म्हणजे साधारण या दोरीच्या मध्यावर. थकलेल्या माणसाला दुपारी एकट्याने खोलीवर परतता यावे, हा मुक्कामाची जागा निवडताना माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निकष आहे. स्वस्त खोली लांब घेतली की एकाच्या थकव्यामुळे चौघांना परतावे लागते.

मंगळवारी भाऊजी लेकीला घेऊन मेट्रो पाहायला गेले. देशातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी याच शहरात सुरू झाली आणि हुगळी नदीच्या तळाखालून जाणारा एस्प्लनेड ते हावडा मैदान हा टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. नदीखालचे सुमारे ५२० मीटरचे अंतर गाडी पाऊण मिनिटात कापते. भाचीने काचेतून पाणी आणि मासे दिसतील अशी कल्पना केली होती. प्रत्यक्षात बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे लागतात, त्यावरून नदी आली हे ओळखायचे. ती एका फेरीत समाधान पावली आणि न्यू मार्केटात पसार झाली. भाऊजींनी त्या पाऊण मिनिटासाठी पाच फेऱ्या केल्या.

मी आणि आत्या इंडियन म्युझियममध्ये गेलो. १८१४ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाला तेथील लोक जादुघर म्हणतात आणि टॅक्सीवाल्याला हाच शब्द चटकन समजतो. वेळ थोडा असेल तर भारहूतचे दालन पाहावे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेला तो तांबड्या दगडाचा स्तूपाचा कठडा आहे आणि त्यावरील अनेक प्रसंगांखाली शिल्पकारांनी ब्राह्मी लिपीत प्रसंगाचे नाव लिहून ठेवले आहे. फलक वाचणाऱ्यांची माझी जात दोन हजार वर्षांपूर्वीही गृहीत धरली होती, हे पाहून मला फार बरे वाटले. आत्याने जातककथांतील हत्ती, माकडे आवडीने पाहिली, इजिप्तची ममी पाहून "यांना एकदाचे जाऊ का देत नाहीत?" असे विचारले आणि मधल्या अंगणाभोवतीच्या पांढऱ्या खांबांच्या व्हरांड्यात जाऊन बसली. मी साडेतीन तासांनी बाहेर आले तेव्हा तिची शेजारी बसलेल्या दोन बंगाली बायकांशी मोडक्या हिंदीत मैत्री झालेली होती.

संध्याकाळची भेट मात्र फसली. "पाच वाजता पार्क स्ट्रीट मेट्रोपाशी" असे ठरले होते. स्थानकाला एकाहून अधिक दारे आहेत याचा विचार कोणी केला नव्हता. आम्ही दोघी एका दाराशी, भाऊजी दुसऱ्या दाराशी आणि भाचीच्या फोनची बॅटरी संपलेली. चाळीस मिनिटे गेली. तेव्हापासून भेटीची जागा बसता येईल अशी, एकच दार असलेली आणि चुकल्यास वीस मिनिटे थांबून थेट मुक्कामी जायचे, असा नियम झाला. वेळेबाबतही एक सूचना. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना तेथील संध्याकाळ चकवते. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे आपल्यापेक्षा सुमारे तासभर आधी. उजेडात पाहायच्या गोष्टी चारच्या आत उरकाव्यात.

बुधवारचा दिवस आत्याचा होता आणि तो आम्ही तिच्या वेगाने काढला. निळ्या मार्गाचे उत्तर टोक म्हणजे दक्षिणेश्वर. स्थानकातून कालीमंदिरापर्यंत स्कायवॉक असून त्याला सरकते जिने आहेत, त्यामुळे गुडघ्यांची चिंता नाही. राणी रासमणीने बांधवलेले हे नऊ शिखरांचे मंदिर १८५५ साली पूर्ण झाले. नदीच्या बाजूला शिवाची बारा देवळे आहेत आणि आवारातच रामकृष्ण परमहंसांची खोली आहे. मोबाइल व पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा एकाने बाहेर थांबायचे अशी पाळी लावली की काम सोपे होते. बाहेरच्या दुकानांत गरम कचोरी आणि बटाट्याची पातळ भाजी मिळते. कांदा-लसूण न खाणाऱ्या आत्याला तेथे पोटभर खाता आले. शहरात इतरत्र तिच्यासाठी 'निरामिष' हा शब्द उपयोगी पडला. 'व्हेज' म्हटल्यावर मिळणाऱ्या उत्तरापेक्षा त्याला मिळणारे उत्तर अधिक विश्वासार्ह होते. मोहरीच्या तेलाचा वास मात्र तिला शेवटपर्यंत झेपला नाही. मिठाईच्या दुकानात आमचे चौघांचे कधीच मतभेद झाले नाहीत. हिवाळ्यात खजुराच्या नव्या गुळाचा, म्हणजे नोलेन गुडाचा, संदेश मिळतो. तो सोडू नये.

दक्षिणेश्वरहून होडीने बेलूर मठात, म्हणजे रामकृष्ण मिशनच्या मुख्य केंद्रात, जाता येते. आम्ही निघायला उशीर केला आणि पोहोचलो तो मठ दुपारसाठी बंद होण्याची वेळ झालेली. दोन्ही ठिकाणे दुपारी काही तास बंद असतात. म्हणून एक सकाळी आणि दुसरे चार वाजता, अशीच आखणी करावी. सकाळीच दोन्ही उरकण्याचा मोह धरू नये. आम्ही नदीकाठी तीन तास काढले. आत्याने जप केला, भाऊजींनी झोप काढली, आणि भाची पहिल्यांदाच माझ्याशी तिच्या कॉलेजबद्दल बोलली. मठाचे मुख्य मंदिर १९३८ सालचे असून त्याच्या रचनेत देऊळ, मशीद आणि चर्च या तिन्हींच्या खुणा एकत्र दिसतात.

गुरुवारी एक अनपेक्षित जोडी जमली. हावडा पुलाखालचा मल्लिक घाटाचा फुलबाजार पहाटे भरात असतो. छायाचित्रांसाठी भाची पाच वाजता उठली आणि त्या वेळी जागे असलेले दुसरे माणूस म्हणजे आत्या. या दोघी जातील असे कोणत्याही नियोजनात माझ्या डोक्यात आले नसते. जास्वंदीच्या लालभडक माळा आणि झेंडूच्या राशी पाहून आत्या हरखली. भाचीने तिला एका हाताने घट्ट धरले आणि दुसऱ्या हाताने छायाचित्रे काढली. बाजाराची जमीन ओली आणि निसरडी असते, हमाल डोक्यावर ओझे घेऊन वेगाने येतात. त्यामुळे वृद्ध माणसाला आत खोलवर नेऊ नये आणि चपलांऐवजी पकड असलेले बूट घालावेत.

त्या दुपारी भाची आणि मी कुमारटुलीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, गेलो. शोभाबाजार स्थानकावरून चालत जाता येते. सरस्वतीपूजा जवळ आल्यामुळे गल्लीभर बांबू आणि गवताच्या सांगाड्यांवर माती लिंपलेल्या सरस्वती उभ्या होत्या, काही अजून डोळ्यांवाचून. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये; तेथे कारागिरांचे काम चालू असते आणि गल्ल्या अतिशय अरुंद आहेत. जवळच्या बागबाजार भागात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली इंग्रजांच्या कोलकात्याभोवती जो खंदक खणायला घेतला गेला आणि कधी पुरा झाला नाही, त्याची ती आठवण. बंगालीत मराठा स्वारांना 'बर्गी' म्हणत आणि मुलांना झोपवताना त्यांची भीती घालत. भाऊजी रात्री हे ऐकून अभिमानाने ताठ झाले. भाचीने मात्र त्या मुलांचे काय झाले असेल असे विचारले आणि त्यावर आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हते.

शुक्रवारी मी एकटीने साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्री पाहिली. १७६७ साली सुरू झालेले हे दफनस्थान झाडांच्या सावलीत बुडालेले असून एशियाटिक सोसायटीचे संस्थापक विल्यम जोन्स यांच्या कबरीवरचा उंच सुळका तेथे लांबूनही नजरेत भरतो. पार्क स्ट्रीट मेट्रो स्थानकापासून ती बरीच दूर, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. इतर तिघे आले नाहीत याचा मला मनापासून आनंद झाला. दुपारी कॉलेज स्ट्रीटवर भाची भेटली. पुस्तकांसाठी जायचे असेल तर रविवार टाळावा, कारण बहुतेक दुकाने बंद असतात.

शेवटच्या संध्याकाळी चौघे मिळून हावड्याहून बाबुघाटाला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलो. तिकीट मोजक्या रुपयांचे असते. हावडा पुलाच्या जोडणीत नटबोल्ट नसून सगळे रिव्हेट आहेत, तो १९४३ साली वाहतुकीला खुला झाला, असे भाऊजी सांगत होते आणि आत्या एकटी ते लक्ष देऊन ऐकत होती. मी काठावरच्या एका इमारतीचा फलक वाचण्याचा प्रयत्न करत होते. हुगळीला भरती-ओहोटी असते आणि जेटी पाण्यावर तरंगती असल्यामुळे ओहोटीला तिच्याकडे जाणारी उतरण बरीच तीव्र होते. गुडघेदुखीचे कोणी बरोबर असेल तर धक्क्यावर आधी पाण्याची पातळी पाहावी आणि उतरण फार खाली गेलेली दिसल्यास तासाभराने यावे. आम्ही आत्यासाठी तसेच केले आणि तो तास चहात गेला.