श्रावणातली मुंबई, मॉसच्या मागावर

सोलापुरात बोन्साय करणाऱ्यांना एक दुखणं कायमचं. वडाचं, उंबराचं झाड उन्हाळा काढतं, पण कुंडीतल्या मातीवरचा हिरवा थर चैत्र बघत नाही. नर्सरीत पाकिटात मिळणारं मॉस बहुतेक थंड डोंगरावरून खरवडून आणलेलं असतं. त्याला आमची हवा मानवायची कशी? मग उन्हाला सरावलेलं मॉस कुठे असतं आणि ते कसं जगतं, हे बघायला मी श्रावणात मुंबई गाठली. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या एक तृतीयांशही नाही. पण मुंबईलाही दिवाळीनंतर सात महिने पावसाचा थेंब नसतो आणि सिमेंटच्या भिंती एप्रिल-मेमध्ये तव्यासारख्या तापतात. तरी दर जूनमध्ये त्याच भिंती पुन्हा हिरव्या होतात. मला तेच समजून घ्यायचं होतं.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरले. मावशीकडे चहा घेतला आणि गर्दी वाढायच्या आत बोरिवलीची लोकल धरली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. बस मिळते. पावसात झाडी इतकी दाटते की रस्ता मुंबईत आहे हे खरं वाटत नाही.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षू राहत होते. लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात जातात, व्हरांड्यातल्या बुद्धाच्या दोन उंच मूर्ती बघतात आणि परततात. मूर्ती बघाव्यातच. पण मॉस बघायचं असेल तर पाण्याच्या वाटा धराव्या लागतात. पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून इथल्या लोकांनी डोंगराच्या उतारावर खडकातच पन्हळी कोरल्या आणि ते पाणी जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या पुढ्यातल्या पोढीत, म्हणजे खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यात उतरवलं. या पन्हळींच्या कडेनं, पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर, पोढीच्या तोंडाशी मॉस बसलेलं आहे. जिथे पाऊल पडतं आणि पाणी साचून राहतं तिथे मात्र ते नाही. तिथे असतं ते बुळबुळीत हिरवं शेवाळ. पाय घसरतो तो यावर. मॉस ही वेगळीच वनस्पती. तिला देठ असतो, पानं असतात, बोट ठेवलं तर ती ओलसर आणि खरखरीत लागते. साचलेलं पाणी तिला नकोच असतं. खडकावरून ओघळून जाणारं, झिरपणारं पाणी हवं. कुंडीला भोक का ठेवायचं याचं याहून चांगलं उत्तर मला कुठे मिळालं नव्हतं.

भिंग काढून मी एका पायरीपाशी बराच वेळ बसले. पाऊस थांबून थोडा वेळ झाला होता, वारा सुटला होता. पायरीच्या वरच्या कडेचं मॉस सुकायला लागलं होतं, खालचं अजून ओलं होतं. ओलं रोप म्हणजे सगळीकडे पसरलेल्या पानांची इवलीशी चांदणी, पोपटी रंगाची. सुकलेल्या रोपाची पानं मात्र दोन्ही कडांनी आत वळली होती, प्रत्येक पानाची बारीक सुरळी, रंग काळपट तपकिरी. बाटलीतलं पाणी बोटानं त्यावर सोडलं. सुरळ्या माझ्या डोळ्यांदेखत उलगडल्या, एक-एक नाही, सगळ्या एकदम हलल्यासारख्या. काळपट ठिपका पुन्हा हिरवा झाला. आपल्याकडच्या भिंतींवर सर्रास आढळणारं हायोफिला नावाचं मॉस असंच वागतं. ते मरत नाही, ते थांबतं. त्याला खरी मुळं नसतात, धरून ठेवण्यापुरते धागे असतात, मूलाभ. पाणी ते पानांतूनच घेतं आणि पानांतूनच घालवतं. पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं. त्यामुळे हवा कोरडी झाली की ते काही मिनिटांत कोरडं, आणि ओली झाली की पुन्हा कामाला लागलेलं.

परतताना एका कोरीव स्तंभावर हिरवट डाग दिसले. तिथे मात्र मला आनंद झाला नाही. मॉस ओल धरून ठेवतं आणि कोरीव दगडाची झीज वाढते. पुरातत्त्व खात्याची रसायन शाखा स्मारकांवरची अशी वाढ सौम्य अमोनियाच्या द्रावणाने काढते, ते योग्यच आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. तिथून चिमूटभरही मॉस उचलू नका. राष्ट्रीय उद्यानातून काहीही काढून नेणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि गरजही नाही, कारण बाकीची मुंबई आहेच.

ती मुंबई मला दादरच्या हिंदू कॉलनीत, मावशीच्या शेजारच्या काकूंच्या गॅलरीत दाखवली गेली. जुनी तीन मजली इमारत, उत्तरेकडे तोंड केलेली लांब गॅलरी, कबुतरांसाठी जाळी. आत पसरट मातीच्या परळांची रांग आणि प्रत्येकात दाट, बसकं मॉस. काकू निवृत्त शिक्षिका आहेत, विज्ञान शिकवायच्या.

"अगं, जाळी आधी, मॉस नंतर," त्या म्हणाल्या. "कबुतरं, कावळे खालचे किडे शोधायला अख्खा थर उलटा करतात. काडी-काडी नेतात घरट्याला."

काकूंचं मॉस येतं कुठून, तर त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीवरून. पावसाळा संपला की मुंबईभर बिल्डिंगांची रंगकामं आणि वॉटरप्रूफिंगची कामं निघतात. रंगारी आधी ब्रशने भिंत खरवडतात. ती कोरडी खरवड कचऱ्यात जायची, ती त्या मागून घेतात. कोरडी असली तरी जिवंत असते. हातावर चुरडून परळात पेरतात. तुकड्यातुकड्यातून नवं रोप उठतं. एक-दोन महिन्यांत हिरवी झाक येते, दाट थर व्हायला एक पावसाळा जातो.

माती कसली? इथे माझी एक समजूत बदलली. मॉसला आम्लधर्मी माती हवी, ताक फासावं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. थंड जंगलातल्या पुष्कळ जातींना आम्ल माती आवडते हे खरं. पण आपलं भिंतीवरचं मॉस सिमेंट-चुन्याच्या गिलाव्यावर वाढलेलं असतं. त्याला आम्ल कशाला? काकू विटांचा चुरा, बारीक वाळू आणि पडलेल्या गिलाव्याची थोडी पूड घेतात, जेमतेम दोन बोटं जाडीचा थर. खत अजिबात नाही. आणि ताकाबद्दल त्यांचं मत ठाम होतं: "त्यावर मॉसच्या आधी बुरशी येते."

पेरल्यावर थर तळहाताने घट्ट दाबायचा, कारण खाली हवा राहिली तर मूलाभ धरत नाहीत. पाणी फवाऱ्याने द्यायचं. पावसाचं मिळालं तर उत्तम, त्यासाठी गॅलरीच्या पागोळीखाली त्यांचा पिंप असतो. नळाचं असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. रोजचं काम म्हणाल तर चिमट्याने निवडणं. आंबुशी, दुर्वा, आणि सगळ्यात चिवट म्हणजे पिंपळाची रोपं, दोन पानांवर असतानाच उपटायची. शंखगोगलगायी रात्री टॉर्च लावून वेचायच्या.

मी विचारलं, "उन्हाळ्यात दिवसातून किती वेळा फवारता?"

"कधी कधी एकदाही नाही."

मला वाटतं, या एका उत्तरासाठी प्रवास सार्थकी लागला. सुकलेल्या मॉसवर पाणी पडलं की त्याची सुरुवातीची शक्ती सुकताना झालेली मोडतोड दुरुस्त करण्यात जाते. अन्न तयार करून ती झीज भरून काढायला त्याला काही तास ओलं राहावं लागतं. भर दुपारी प्रेमापोटी शिंपडलेलं पाणी अर्ध्या तासात उडतं, आणि त्याच्या पदरी फक्त खर्च पडतो. असं रोज झालं तर ते खरंच मरतं. म्हणून एक तर सावलीत, संध्याकाळी असं भिजवायचं की रात्रभर ओल टिकेल, नाही तर सरळ सुकू द्यायचं. काकूंचे अर्धे परळ फाल्गुनापासून मृगापर्यंत तपकिरीच असतात. पाहुणे हळहळतात, त्या हसतात.

मावसभाऊ बांद्रा-कुर्ला संकुलात काम करतो. त्याच्या ऑफिसातली हिरवी भिंतही बघून आले. सुंदर आहे, पण ती जिवंत नाही. अशा भिंतींवर बहुधा रेनडिअर मॉस असतं. ते मॉस नव्हेच, उत्तरेकडच्या थंड देशांतलं दगडफूल आहे, ग्लिसरीन आणि रंग भरून टिकवलेलं. त्याला पाणी घालायचंच नसतं. उलट पावसाळ्यात एसी बंद राहिला की दमट हवेने ते मऊ पडतं.

शेवटच्या दुपारी क्रॉफर्ड मार्केटमध्ये शोभेच्या माशांच्या दुकानांकडे गेले. तिथे जावा मॉस मिळतं, पाण्याच्या टाकीत दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं. मुंबईच्या उन्हाळ्यातही घरातल्या सावलीत ते तग धरतं. ज्यांच्याकडे गॅलरी नाही, खिडकीही धड नाही, त्यांनी यापासून सुरुवात करावी. काचेच्या बरणीत जेमतेम पाण्यात, झाकण ठेवूनही वाढतं.

जाणाऱ्यांसाठी: कान्हेरी सोमवारी बंद असतं. तळव्याला पकड असलेले बूट हवेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. माकडं आहेत, पिशवीत खाऊ नको. पावसाची सर थांबल्यानंतरची वेळ सगळ्यात चांगली, ओलं आणि सुकतं मॉस एकाच दगडावर दिसतं.

मार्गशीर्षात काकूंच्या बिल्डिंगची मागची भिंत रंगकामाला निघणार आहे. खरवड कागदाच्या पिशवीत, अगदी कोरडी ठेवा, असं त्यांना सांगून आले आहे. प्लास्टिकमध्ये ओल राहिली तर वाटेतच बुरशी धरेल. इकडे विटांचा चुरा चाळून ठेवला आहे, आणि परळांसाठी न्हाणीघराच्या मागची उत्तरेची भिंत मोकळी केली आहे.