मॅनपॉवर सेव्हिंग : ४

आमच्या फाउंड्रीत कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेल्या पीसच्या, फोटोंवर खुणा करायचं काम चेकर लोकांकडे होतं. ब्लो होल (वायू अडकून पडलेलं भोक) दिसलं की लाल चौकट, साच्याची वाळू बसली असेल तर पिवळी, कोल्ड शटला (ओतलेला धातू नीट न जुळल्याची रेघ) निळी. असे फोटो बघून बघून एआय शिकणार आणि मग पट्ट्यावरून येणारा खराब पीस कॅमेराच पकडणार, असा बेत. त्या सकाळी फोल्डर उघडलं तर दुसऱ्या पाळीच्या एकूण एक फोटोवर लाल चौकट, तीही बरोबर मधोमध. चांगल्या पीसवरसुद्धा.

पुण्याहून आलेला सिस्टिमवाला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, हे मुद्दाम केलंय." ते तर मलाही दिसत होतं. मालकांनी मेमो काढायला सांगितला. मी दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला आणि शॉपमध्ये गेले.

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली. ब्रेक ड्रम, बेअरिंग हाउसिंग असली कामं. शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्रे मारून सफाई) आणि फेटलिंग (जादा धातू काढून टाकणं) झालं की पीस चेकिंगच्या टेबलावर येतो. तिथं सगळ्यात जुने ते मामा. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. ते पीस फिरवून बघतात आणि एसजी आयर्नचा, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या ओतीव लोखंडाचा, असेल तर हातोडीनं वाजवतात. त्या गोळ्या नीट बनल्या असतील तर पीस खणखणीत वाजतो, नाहीतर बद्द. कॅमेऱ्याला ना हा आवाज कळतो, ना पोटातलं श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून आत पडलेली पोकळी, दिसतं. त्याची धाव वरच्या कातडीपर्यंत. हे मी लोकांना पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं, आणि "कुणाचीही नोकरी जाणार नाही" हे मालकांनी. टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

मामांनी मला बाजूला घेतलं. "खुणा कुणी बिघडवल्या ते विचारू नका. आधी हे बघा." त्यांच्या मोबाईलवर एका स्लाइडचा फोटो होता. सिस्टिम विकायला आलेल्यांनी मालकांना दाखवलेली स्लाइड, कुणीतरी टिपून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली. यंत्राची किंमत किती दिवसांत वसूल होणार याचा हिशोब, आणि त्यात एक ओळ : मॅनपॉवर सेव्हिंग, ४.

चेकिंगला दोन्ही पाळ्या मिळून माणसं सहा.

"सहातनं चार गेली की किती ऱ्हायली ओ मॅडम? आमीच त्याला शिकवायचं, आन् आमीच घरात बसायचं व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती स्लाइड मीही पहिल्यांदाच बघत होते. पण एक कळलं : ही मोडतोड नव्हती, नकार होता. मीटिंगमध्ये मालकांसमोर 'नाही' म्हणणं अवघड; फोटोवर म्हणणं सोपं.

केबिनमध्ये मालकांचा पहिला प्रश्न होता, "फोटो काढला कुणी?" अपेक्षितच. त्यांचे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहून वर आलेले, त्यामुळे घरातली गोष्ट बाहेर गेली की ह्यांना लागतं. मी म्हटलं, साहेब, फोटो काढणारा सापडेलही, पण ती ओळ खरी की खोटी ते तुम्हालाच सांगावं लागेल. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, प्रोजेक्टर कँटीनमध्ये लावा.

पाळी बदलायच्या वेळेला दोन्ही पाळ्या कँटीनमध्ये बसल्या आणि मालकांनी तीच स्लाइड भिंतीवर लावली. "हे मला असंच विकलंय. मी ते वाचूनच सही केली. माणसं कमी होतील असं माझ्या डोक्यात होतं." कँटीनमध्ये कुजबुज झाली. मला वाटलं, आता संपलं. पण ते पुढं बोलले : कायमचा शब्द देणार नाही, ऑर्डर माझ्या हातात नाहीत. मात्र या कॅमेऱ्यापायी कुणाला काढणार नाही, आणि टेबलावरून कुणाला हलवलं तर पगार तोच राहील. एवढं लिहून देतो.

युनियनचे प्रतिनिधी तयारीनं आले होते. नवीन तंत्रामुळे कपात होण्याची शक्यता असेल तर बदलाआधी २१ दिवसांची नोटीस लागते, ही १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातली तरतूद २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मालकांनी मान डोलावली. पण लोकांचा खरा जीव अडकला होता दुसरीकडे. ग्राइंडिंगच्या एका पोरानं विचारलं, "कॅमेऱ्यात आमी दिसतो का? कोण किती पीस बघतो ते इन्क्रिमेंटला काढणार का?" सिस्टिमवाला म्हणाला, तसा रिपोर्ट निघू शकतो. खरं बोलला, हे त्याचं मोठेपण. त्या रिपोर्टवरच मग तासभर चर्चा झाली.

शेवटी मराठीत एक पानी कागद झाला आणि नोटीस बोर्डावर लागला. कॅमेरा फक्त पट्टा बघेल. नोंदीत चेकरचं नाव नाही, पाळीही नाही. यंत्रानं खराब ठरवलेला पीस माणूस बघेल आणि माणसाचा निर्णय अंतिम. दोघांचं जुळलं नाही ते पीस आठवड्याला एकदा सगळ्यांसमोर टेबलावर.

कुणाला मेमो मिळाला नाही. लाल चौकटी दुसऱ्याच दिवसापासून पुसायला लागल्या, आणि त्या पुसताना मामांनी जुन्या फोटोंतल्या सिस्टिमवाल्याच्या खुणाही दुरुस्त केल्या. तेलाच्या डागाला त्यानं क्रॅक ठरवलं होतं.

भांडणं संपली असं नाही. दुपारी पत्र्यावरच्या पारदर्शक शीटमधून ऊन तिरपं आलं की कॅमेरा चांगले पीस रिजेक्ट करायला लागायचा. आडोसा बांधल्यावर थांबला. त्याहून मला खटकलं ते वेगळंच. नवीन पोरं आता यंत्र म्हणेल त्याला मान डोलवायला लागली होती. पडद्यावर हिरवं दिसलं की पीस पुढं. म्हणून चेकरनं आपला निर्णय दिल्याशिवाय यंत्राचा निर्णय दिसणार नाही, अशी सोय करून घेतली. लोक खरंच बघतात का ते कळावं म्हणून, खराब आहेत हे आधीच माहीत असलेले पीस मधूनच पट्ट्यावर मिसळायचं मी सुचवलं, तेव्हा मामा म्हणाले, "मिसळा की. पण मिसळणार हाय हे आधी बोर्डावर लावा. कवा ते सांगू नका."

कागदाच्या खाली ती ओळ वाढवली. मालकांनी तिच्यापुढं वेगळी सही केली.